चार पानांचा पेजरँक, हातानं काढलेला

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला लिनिअर अल्जेब्रा शिकवताना आयगेनव्हॅल्यूचं प्रकरण आलं की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, हे कुठं वापरतात?" पुलांची कंपनं वगैरे उत्तरं देता येतात. पण मुलांच्या हातातल्या फोनवर रोज जे चालतं, त्यातलं एखादं उत्तर द्यावं असं फार मनात होतं. म्हणून यंदा पेजरँक, म्हणजे पानांना एकमेकांच्या लिंकांवरून गुण देण्याची गूगलच्या सर्चमागची मूळ रीत, घ्यायचा ठरवला, आणि वर्गात नेण्याआधी तो स्वतः कागदावर सोडवायचा.

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये संशोधक विद्यार्थी असताना १९९८ साली लिहिलेला शोधनिबंध आजही सहज वाचता येतो. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी एकच असं होतं, की त्याचं स्वतःचं नाव टाकल्यावर ते पहिल्या दहा निकालांत सापडायचं. पानावरच्या शब्दांवरच सगळी भिस्त ठेवली तर फसगत होणारच. स्वतःच्या पानावर हवे ते शब्द हवे तितक्यांदा लिहिता येतात. दुसऱ्याच्या पानावरची लिंक मात्र त्यानं द्यावी लागते.

मग लिंका नुसत्या मोजायच्या? तेवढ्यानं भागत नाही. ज्याच्या शब्दाला वजन, त्याच्या लिंकेला वजन. आणि त्याचं वजन कशावरून ठरवायचं? त्याच्याकडं येणाऱ्या लिंकांवरून. इथं मी बराच वेळ अडून बसले. एकाचं वजन काढायला दुसऱ्याचं हवं, दुसऱ्याचं काढायला पहिल्याचं. सूत्र कितीही वेळा वाचलं तरी हा गुंता सुटेना. तो सुटला आकडे मांडल्यावरच.

चार पानं घेतली: किल्ल्यांची यादी, राजगड, तोरणा आणि एका ट्रेकरची डायरी. यादीतून राजगड आणि तोरणा या दोघांकडं लिंक. राजगडाच्या पानावरून तोरण्याकडं आणि तोरण्याच्या पानावरून राजगडाकडं. हे दोन गड जोडून करणारे पुष्कळ असतात, तेव्हा हे साहजिकच. डायरीतून यादीकडं आणि राजगडाकडं. डायरीकडं मात्र कुणाचीच लिंक नाही. सुरुवातीला प्रत्येकाला सारखे ०.२५ गुण. प्रत्येक फेरीत प्रत्येक पानानं आपले गुण आपण दिलेल्या लिंकांमध्ये समान वाटून टाकायचे.

पहिल्या फेरीनंतर राजगड ०.५, तोरणा ०.३७५, यादी ०.१२५, डायरी शून्य. दुसरीनंतर राजगड ०.४३७५, तोरणा ०.५६२५, आणि यादीसुद्धा शून्यावर. तिसऱ्या फेरीत राजगड-तोरण्याच्या आकड्यांची अदलाबदल, चौथीत पुन्हा अदलाबदल. हे थांबतच नाही. दोन पानांनी एकमेकांकडंच बोट दाखवलं की आत आलेले गुण बाहेर पडत नाहीत. सगळं जाळं त्या दोघांत आटून जातं आणि स्थिर उत्तरही मिळत नाही.

निबंधातला ०.८५ हा आकडा कशासाठी आहे, ते मला या कागदानं शिकवलं. कल्पना अशी की, इंटरनेटवर भटकणारा एक माणूस शंभरातल्या ८५ वेळा समोरच्या पानावरची कुठली तरी लिंक दाबतो. उरलेल्या १५ वेळा कंटाळतो आणि कुठलंही पान उघडतो. म्हणजे प्रत्येक पानाला ०.१५ भागिले ४, म्हणजे ०.०३७५, एवढे गुण कायमचे मिळाले आणि बाकीचे लिंकांमधून ८५ टक्क्यांनी कापून आले. आता राजगड-तोरण्याचा झोका प्रत्येक फेरीला लहान होत जातो. सुरुवातीच्या फेऱ्या हातानं केल्या, पुढच्या एक्सेलमध्ये. आकडे स्थिरावले ते असे: राजगड ०.४५९, तोरणा ०.४५०, यादी ०.०५३, डायरी ०.०३७५.

आणि हेच ते आयगेनव्हेक्टर! फेरीचा नियम आकड्यांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये मांडला, की ज्या आकड्यांवर पुन्हा एक फेरी केली तरी तेच आकडे परत येतात, तो संच. आकडे एकपटच राहतात, म्हणून आयगेनव्हॅल्यू १. मॅट्रिक्समधली प्रत्येक संख्या धन असली की असा एकच संच असतो, हे पेरॉन या गणितज्ञानं १९०७ मध्ये सिद्ध केलं होतं आणि फ्रोबेनियसनं १९१२ मध्ये ते आणखी पुढं नेलं. वेब जन्मण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट कुणीतरी निव्वळ गणित म्हणून पक्की करून ठेवली होती. वर्गात हे सांगताना मला अजून भरून येतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो पुढचा प्रयोग. राजगडाच्या पानावर एकच लिंक वाढवली, यादीकडं परत जाणारी. बाकी सगळं तसंच. यादी ०.०५३ वरून थेट ०.२३१ वर गेली. आता तिच्याकडं दोन लिंका येतात: डायरीची आणि राजगडाची. दोन्ही पानांनी आपले गुण दोघांतच वाटले आहेत. तरी डायरीकडून यादीला मिळतात जेमतेम ०.०१६ आणि राजगडाकडून ०.१७८, म्हणजे अकरा पट. "कुणी लिंक दिली" याचं महत्त्व वर्गाला पटवायला यापेक्षा चांगला दाखला मला सापडला नाही.

खऱ्या वेबवर हे कसं निभावतं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पेज आणि ब्रिन यांच्या दुसऱ्या लेखात, ज्यात राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड हेही सहलेखक आहेत, ३२ कोटी २० लाख लिंकांच्या जाळ्यावर साधारण ५२ फेऱ्यांत आकडे स्थिरावल्याचं दिलंय. निम्म्या जाळ्याला ४५ लागल्या. जाळं दुप्पट झालं तरी फेऱ्या थोड्याच वाढतात, म्हणून तर हे काम शक्य झालं.

नुसतं हे सूत्र फसवता येतं, हेही मी मुलांकडूनच करून घेतलं. प्रत्येक पानाला काहीतरी गुण ठरलेलेच आहेत, तर पोकळ पानं ढिगानं उभी करा आणि सगळ्यांकडून एकाच पानाकडं लिंक द्या. ते पान वर जातंच. लिंका विकत घेण्याचा धंदा यातूनच फोफावला. २००५ साली नोफॉलो ही खूण आली, लिंक देऊनही वजन न देण्यासाठी, आणि २०१२ साली गूगलनं पेंग्विन या बदलातून बनावट लिंकांवर सरळ मोर्चा वळवला. आज क्रमवारी ठरवताना लिंका हा अनेक खुणांपैकी एक भाग आहे.

तासाच्या शेवटी एका मुलानं विचारलं, "मॅडम, एखाद्या पानावरून बाहेर लिंकच नसेल तर? नुसती पीडीएफ असेल तर तिचे गुण कुठं जाणार?" प्रश्न अगदी वर्मावर होता, कारण तिथून गुण गळून जातात आणि बेरीज एक राहत नाही. मूळ लेखकांनी अशी पानं आधी बाजूला काढली, बाकीच्यांचे गुण काढून झाल्यावर परत जोडली. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा दुसरी रीत दिसते: अशा पानावर पोचलेला भटक्या सगळ्या पानांपैकी कुठंही सारख्याच शक्यतेनं उडी मारतो असं धरायचं, म्हणजे मॅट्रिक्सचा तो रिकामा स्तंभ १/४, १/४ नं भरायचा. डायरीच्या लिंका खोडून आम्ही तेच गणित फळ्यावर सुरू केलं.