गोळीनं किती गेले, मेजर?

सैन्यभरतीची अकॅडमी चालवणाऱ्याला मरणाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पोरांना सोळाशे मीटर धावण्याच्या टायमिंगची काळजी, बापांना फीची. आमच्या सातारा जिल्ह्यात तर हा विषय काढणंच कमीपणाचं मानतात. अपशिंगे मिलिटरी इथलंच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांचं स्मारक आजही तिथं आहे. अशा मुलखात ‘माझ्या पोराचं काही बरंवाईट झालं तर?’ असं चारचौघांत विचारायला आईचंच काळीज लागतं.

2024 च्या भरतीआधी अशी एक आई नवऱ्याला आणि पोराला घेऊन ऑफिसात आली. पोरगा बारावी सायन्स झालेला, वय अठराच्या थोडं आत. त्यामुळं पालकांची सही लागणार होती. बाप पेन काढून तयार. कागद तिनं पर्समध्ये घालून ठेवलेला. आदल्या ऑक्टोबरात सियाचिनवर बुलढाण्याकडचा, पिंपळगाव सराईचा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या भरतीतला जवान, गेला होता. ती बातमी तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

“मेजर, खरं सांगायचं. तुमच्याबरोबरची किती गेली?”

(मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण गावाला रिटायर झालेला प्रत्येक जण मेजरच.)

“माझ्या कंपनीतली चार. दोघं गाडी दरीत गेली तेव्हा. एक उंचीवर फुप्फुसात पाणी होऊन. आणि एकानं स्वतःच स्वतःला संपवलं.”

“आन् गोळीनं?”

“गोळीनं कुणी नाही, ताई.”

मला वाटलं, तिला जरा धीर येईल. पण ती म्हणाली, “मग भ्यायचं कशाला, ते तरी नीट सांगा.”

मग मीही हातचं न राखता सांगितलं. सियाचिनवर 1984 पासून शत्रूपेक्षा हवामानानं आणि हिमस्खलनानं जास्त माणसं नेली. वर चढवताना फौज घाई करत नाही. नऊ हजार फुटांवर पहिले सहा दिवस, मग पुढच्या दोन टप्प्यांवर चार-चार दिवस शरीराला सवय करून देतात. तरी एखाद्याला रात्री खोकला लागतो, छातीत घरघर सुरू होते. त्याला ऑक्सिजन लावून लगेच खाली आणलं तर तो वाचतो. हवामान बिघडलं आणि हेलिकॉप्टर आलं नाही, तर अवघड. ‘मी तगडा आहे’ म्हणून डोकेदुखी लपवणारा पोरगा इथं सगळ्यात आधी गोत्यात येतो. हे मी पोराकडं बघून सांगितलं.

आमच्या कंपनीत गोळीनं कुणी गेलं नाही, यावर मात्र विसंबू नका, हेही बोललो. कारगिलला 1999 मध्ये अडीच-तीन महिन्यांत 527 गेले. गलवानला जून 2020 मध्ये एका रात्रीत 20, आणि तिथं तर गोळी चाललीच नव्हती. वर्षानुवर्षं काही घडत नाही आणि मग एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. याची सरासरी काढून काय करायचं?

इतका वेळ गप्प बसलेला बाप म्हणाला, “मरण कुठं चुकलंय? गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली आपल्या गावातला गेलाच की.”

“ट्रॉलीखाली जायला कुणी आईची सही मागत न्हाई,” ती म्हणाली. त्यावर माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

पोरानं वहीत हिशेब मांडून आणला होता. चार वर्षं संपल्यावर एकरकमी हातात येणारा सेवा निधी साधारण 11 लाख 71 हजार. कर्तव्यावर मृत्यू आला तर विमा 48 लाख, सानुग्रह 44 लाख, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार. अक्षर सुबक, आकड्यांखाली पट्टीनं दोन रेघा. आईनं वही हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“आन् पाय गेला तर?”

ते वहीत नव्हतं. मी सांगितलं: सेवेमुळं अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणं एकरकमी 44, 25 किंवा 15 लाख, टक्के लष्कराचे डॉक्टर ठरवणार. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरं कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही. मला माझी पेन्शन महिन्याच्या महिन्याला मिळते. जोखीम तीच आणि पाठीमागं पेन्शन नाही, हे मला पटत नाही. माझं पोट याच भरतीवर चालतं, तरीही पटत नाही. हे ऐकून बापाचा चेहरा पडला. फी बुडाली, असं मीही धरून चाललो.

तिनं पोरालाच विचारलं, “तुला ह्ये सगळं ठावं हुतं?”

“पायाचं सोडून.”

“तरी जायचंय?”

“जायचंय. पण जीडीला नको, टेक्निकलला भरतो.”

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी, साधा शिपाई; टेक्निकल म्हणजे गाड्या-यंत्रं सांभाळणारा. आता टेक्निकल म्हणजे बिनधोक असं नाही. दरीत जाणारी गाडी ट्रेड, म्हणजे तुमचं फौजेतलं काम, विचारत नाही. तेही मी बोललो. पण पायदळाच्या चौकीवर उभं राहणं आणि वर्कशॉपात गाडी दुरुस्त करणं यात फरक आहेच. बारावीला गणित, फिजिक्स असताना केवळ मित्र भरतायत म्हणून जीडी भरणारी कितीतरी पोरं मी बघतो. अर्जातल्या ट्रेडच्या त्या एका रकान्यानं पुढची चार वर्षं कुठं जाणार ते बरंचसं ठरतं, आणि तो रकाना ही पोरं सायबर कॅफेत पाच मिनिटांत भरून मोकळी होतात.

तिनं त्या दिवशी सही केली नाही. आठवडाभरानं एकटीच आली, सही केलेला कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, “डोकं दुखलं तर कुणाला सांगायचं असतं तिथं? त्येचं नाव काय म्हणत्यात?” मी ‘नर्सिंग असिस्टंट’ असं वहीच्या पानावर लिहून दिलं. पान तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

पोराचं सोळाशे मीटर तेव्हा पाच चाळीसवर अडकलं होतं. पैकीच्या पैकी गुणांसाठी पाच तीसच्या आत यावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला मैदानात परत उभा केला.