आईच्या रेफरलचा फॅक्स सापडेपर्यंत

"रेफरल पाठवलंय, त्यांचा फोन येईल." रेफरल म्हणजे एका डॉक्टरने तज्ज्ञाकडे पाठवलेली चिठ्ठी. 2023 च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. आईवडिलांना कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणणाऱ्या कुणाचे तरी हे चार महिने वाचावेत म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

आम्ही कॅम्लूप्सला राहतो. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, मग पालकांच्या स्पॉन्सरशिपमधून तिचं पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, झालं. त्या अर्जाबद्दल इथे लिहीत नाही. वेळ लागला, पण काही अडलं नाही. 11 फेब्रुवारी 2023 ला ती व्हँकुव्हरला उतरली.

इथला सरकारी आरोग्य विमा, म्हणजे एमएसपी, उतरल्या दिवसापासून लागू होत नाही. ज्या महिन्यात आलात तो उरलेला महिना आणि पुढचे पूर्ण दोन महिने थांबावं लागतं. आईचा विमा 1 मेला सुरू झाला. ती 28 फेब्रुवारीला आली असती तरी 1 मेलाच झाला असता, आणि 1 मार्चला उतरली असती तर थेट 1 जूनला. म्हणून तिकीट काढताना महिन्याची अखेर गाठा, पुढच्या महिन्याची सुरुवात नको. मधल्या काळासाठी खासगी विमा घ्यावाच लागतो. मात्र जुन्या आजाराबद्दल त्यातली अट शब्दन् शब्द वाचा. आईच्या विम्यात तिचा दमा धरलेलाच नव्हता.

तिला आम्ही दमाच म्हणत होतो. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात तिने तीसेक वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. पावसाळ्यात सरपण ओलं, स्वयंपाकघराला खिडकी एकच, आणि आई फुंकणी घेऊन त्या धुरात. विडी-सिगारेट न ओढताही आपल्याकडच्या कितीतरी बायकांची फुप्फुसं चुलीच्या धुराने निकामी होतात. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले होते, त्यांवर तिचं ठीक चाललं होतं.

मे महिन्यात तिचं नाव फॅमिली डॉक्टरसाठीच्या सरकारी यादीत घातलं. त्या यादीला हेल्थ कनेक्ट रजिस्ट्री म्हणतात, नाव ऑनलाइन घालता येतं किंवा 811 ला फोन करून. दहा मिनिटांत झालं. पण डॉक्टर मिळणं वेगळं. कॅनडात सुमारे 65 लाख प्रौढांना फॅमिली डॉक्टर नाही, असा अंदाज त्या सुमाराच्या एका देशव्यापी पाहणीत निघाला होता. तोवर वॉक-इन क्लिनिक, म्हणजे वेळ न घेता जाता येणारा दवाखाना. 13 जूनला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला नीट तपासलं. त्या म्हणाल्या, हा दमा नसून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा फुप्फुसांचा आजार, असावा, पण स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही आणि औषधही बदलता येणार नाही. मग फुप्फुसांच्या तज्ज्ञांकडे रेफरल. माझ्यासमोर त्यांनी ते छापलं आणि फॅक्स केलं.

हो, फॅक्स. इथे एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे कागद अजूनही सर्रास फॅक्सने जातात.

तज्ज्ञांचं ऑफिस दुसऱ्या गावात, गाडीने दोन तासांवर. सहा ते आठ आठवड्यांत फोन येईल, असं सांगितलं होतं. जुलैअखेरपर्यंत आला नाही. मी त्यांना फोन लावायला लागले. फोन घ्यायची वेळ आठवड्यातले तीन दिवस, सकाळी दहा ते बारा. मी एका गोदामात शिफ्टमध्ये काम करते, ती वेळ माझ्या सुट्टीत कधी बसायची नाही. लागलाच फोन तर रेकॉर्ड केलेला आवाज: व्हॉइसमेल भरलेला आहे. वॉक-इनवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही पाठवलंय, त्यांचा फोन येईल.

मग ऑगस्ट आला. 18 ऑगस्टला शूस्वॉपकडचा वणवा एका रात्रीत पसरला. त्याच आठवड्यात केलोनाजवळ आग आणि उत्तरेत यलोनाइफ शहर रिकामं करायचा आदेश. आमच्या गावात घरं सोडून आलेले लोक उतरले होते. दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले, सूर्य कुंकवासारखा लाल. इथे हवेची प्रत एक्यूएचआय नावाच्या आकड्यात सांगतात, 1 पासून 10 पर्यंत, आणि त्यावर गेलं की नुसतं '10+'. भारतातल्या पाचशेपर्यंतच्या एक्यूआयची सवय असेल तर सात हा आकडा किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही, सातपासून 'जास्त धोका' सुरू होतो. आमच्याकडे 10+ होतं.

आईने दारातून आत येऊन सांगितलं, "चुलीसारखा नाही गं हा. चुलीपासून उठून अंगणात तरी जाता यायचं."

तिच्या या बोलण्यावर मी अजूनही अडकते. आमच्या अपार्टमेंटला एसी नव्हता. खिडक्या उघडल्या तर धूर, बंद केल्या तर भट्टी. 2021 च्या जूनमध्ये आम्ही ते एकदा भोगलं होतं. आमच्यापासून दोन तासांवरच्या लिटनला 49.6 अंश तापमान गेलं, देशातला आजवरचा उच्चांक, आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव जळून गेलं. त्या उष्णतेच्या लाटेने एकट्या ब्रिटिश कोलंबियात 619 माणसं गेली. बहुतेक सगळी घराच्या आत, बहुतेक वयस्कर, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी. तेव्हा आई गावी होती आणि मी मनात म्हटलं होतं, बरं झालं ती इथे नाही. दोन वर्षांनी ती इथे होती, आणि तिचा कागद कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तिची धाप वाढली तशी तिला अर्जंट केअरला, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या दवाखान्यात, नेलं. नेब्युलायझर दिलं, प्रेडनिसोनच्या गोळ्या दिल्या, माणसं फार चांगली वागली. तिथल्या नर्सनेही विचारलं, तज्ज्ञांची तारीख कधीची आहे? मी म्हटलं, त्यांचा फोन येईल.

घरी नवरा आणि मी पंख्याचा फिल्टर बनवला. वीस इंची चौकोनी पंखा, बारीक धूळ अडवणारे मर्व-13 दर्जाचे चार फिल्टर, पुठ्ठा आणि चिकटपट्टी. बाजारातला हेपा प्युरिफायर (हवा गाळणारं यंत्र) तेव्हा कुठल्याच दुकानात शिल्लक नव्हता. हे खोकं आईच्या खोलीत रात्रंदिवस चालायचं आणि फिल्टर दोन आठवड्यांत राखाडी झाले. फिल्टर एप्रिलमध्ये आणून ठेवा, ऑगस्टमध्ये मिळत नाहीत. दुपारी तिला लायब्ररीत नेऊन बसवायचे, तिथली हवा थंड आणि त्यातल्या त्यात स्वच्छ. बाहेर पडताना एन-95, साधा कापडी मास्क या धुराला काही कामाचा नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन लागला एकदाचा. पलीकडची बाई म्हणाली, या नावाचं रेफरल आमच्याकडे नाही. वॉक-इनमध्ये गेले. ते म्हणाले, गेलंय, मशीनची पावती आहे. पुन्हा पाठवा म्हटलं, पाठवलं. आठवड्याने फोन केला, नाही. परत पाठवलं. नाही. मी विचारलं, कागद मीच आणून देऊ का? तर पेशंटकडून रेफरल घेत नाहीत. ईमेल? तेही नाही. दोन ऑफिसं, दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि मधे खोकणारी माझी आई.

शेवटी वॉक-इनमधल्या एका मुलीने मला शहाणपणाचं काम सांगितलं. फॅक्स गेल्याची पावती असते, तिच्यावर तारीख, वेळ आणि पानांची संख्या असते, तिची प्रत मागून घ्या. घेतली. 26 सप्टेंबरला बिनपगारी सुट्टी टाकली, आईला गाडीत घातलं आणि दहा वाजता त्या ऑफिसच्या काउंटरवर उभी राहिले. आवाज चढवला नाही. पावती पुढे केली आणि म्हटलं, नावाने शोधू नका, 13 जूनला चार वाजून बारा मिनिटांनी तुमच्याकडे तीन पानं आली, ती कुठे आहेत तेवढं पाहा.

पाच मिनिटांत सापडली. बाबांच्या नावावर.

आपल्याकडे बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आईची पहिली दोन्ही नावं एकाच रकान्यात आहेत. पीआर कार्डवर तशीच उतरली, एमएसपीत तशीच. वॉक-इनच्या संगणकात त्यातलं पहिलं नाव 'नाव' झालं. तज्ज्ञांच्या ऑफिसात कुणीतरी दुसरं धरलं. तिथे सव्वातीन महिने माझ्या गेलेल्या वडिलांच्या नावाने माझ्या आईची फाइल होती. आणि ती बंद केलेली होती. जुलैत त्यांनी दोनदा फोन केला होता, आईच्या मोबाइलवर, नंबर न दिसणारा. कर खात्याच्या नावाने लुबाडणारे फोन इथे इतके येतात की अनोळखी फोन उचलू नकोस असं मीच आईला बजावलं होतं. दोन फोन न उचलल्यावर 'संपर्क झाला नाही' असा शेरा मारून त्यांनी फाइल मिटवली. तसं वॉक-इनला कळवलं का, याची नोंद नाही. नंतरचे दोन्ही फॅक्स त्याच मिटलेल्या फाइलला जोडून ठेवलेले.

काउंटरवरच्या बाईंनी मनापासून माफी मागितली. मग म्हणाल्या, आता आजच्या तारखेने नव्याने रांगेत घेते. तिथे मात्र मी हलले नाही. मूळ रेफरल जूनचं आहे, कागद तुमच्या हातात आहे, जूनची तारीख धरा, असं मी तीनदा म्हटलं. त्या आत जाऊन विचारून आल्या आणि जूनची तारीख धरली. 9 नोव्हेंबर मिळाली. नाहीतर पुढच्या वर्षावर गेलं असतं. त्या तीन वेळा बोलण्याचा मला अभिमान आहे.

9 नोव्हेंबरला स्पायरोमेट्री झाली, सीओपीडी निघाला, पंप बदलला, नळी कशी फुंकायची आणि पंप कसा ओढायचा ते तिथल्या मुलीने आईला हिंदी दुभाषाला फोनवर घेऊन शिकवलं. दुभाषा आधी मागून ठेवला होता. डॉक्टर उत्तम. फी शून्य, 1984 च्या कॅनडा हेल्थ अॅक्टप्रमाणे डॉक्टर आणि हॉस्पिटल विम्यात येतात. दुकानातून घ्यायची औषधं त्या कायद्यात येत नाहीत. 2024 मध्ये राष्ट्रीय फार्माकेअरचा, म्हणजे औषधांचा खर्च सरकारने उचलण्याचा, कायदा झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात मधुमेहाची औषधं आणि गर्भनिरोधकं आहेत, श्वासाचे पंप नाहीत. दर वर्षी पेटणाऱ्या देशात ते का नसावेत, हे मला खरंच समजत नाही. औषधांच्या खर्चासाठी इथल्या प्रांताची फेअर फार्माकेअर योजना आहे, आधी किती खर्च आपण करायचा ती मर्यादा घरच्या उत्पन्नावर ठरते. त्यात नाव वेगळं नोंदवावं लागतं. एमएसपीबरोबर ते आपोआप सुरू होईल असं मी धरून चालले आणि पहिले तीन पंप पूर्ण पैशाने घेतले.

फॅमिली डॉक्टरच्या यादीतून फेब्रुवारी 2024 मध्ये नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे डॉक्टरसारखी तपासून औषध लिहून देणारी नर्स, मिळाली. तिच्याबद्दल तक्रारीला जागाच नाही.

आता सुचेल तसं सांगते. रेफरल झालं की त्याच दिवशी फॅक्सची पावती मागा. दोन आठवड्यांनी तज्ज्ञांच्या ऑफिसला एकच प्रश्न विचारा: मिळालं का? 'फोन येईल' यावर बसू नका. कुठेही नाव सांगू नका, हेल्थ कार्डावरचा दहा आकडी पीएचएन सांगा. आमच्या बाबतीत पहिल्या फोनला मी पीएचएन सांगितला असता तर फाइल तेव्हाच सापडली असती. संपर्कासाठी आईवडिलांचा नंबर न देता स्वतःचा द्या आणि 'मुलीशी बोलायला हरकत नाही' अशी लेखी संमती फाइलला लावा. तुमच्याही फोनवर नंबर न दिसणारे फोन घ्या.

भारतातून येताना औषधांची मूळ नावं डॉक्टरांकडून लिहून आणा. आईचा फोराकोर्ट इथे कुणाला कळेना, ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल म्हटल्यावर लगेच सिम्बिकॉर्ट समोर आला. अस्थालिन म्हणजे इथला व्हेंटोलिन. पंप संपत आला आणि डॉक्टर मिळत नसेल तर आधी फार्मासिस्टला विचारा, इथलं जुनं प्रिस्क्रिप्शन ते बरेचदा स्वतः वाढवून देतात.

आणि मे महिन्यात, धूर यायच्या आधी, डॉक्टरकडून लेखी आराखडा करून घ्या: धाप किती वाढली की काय घ्यायचं, कधी हॉस्पिटल गाठायचं. आईचा आराखडा मी मराठीत लिहून फ्रीजवर लावला आहे. शेजारी वेदरकॅन अॅपवरचा सकाळचा आकडा ती स्वतः पाटीवर लिहिते. सात झाला की खिडक्या लावते, पंख्याचं खोकं सुरू करते आणि मग मला कामावर फोन करते.

तज्ज्ञांच्या ऑफिसात फाइलवरचं नाव त्यांनी दुरुस्त केलं म्हणून सांगितलं होतं. या वर्षीच्या फेरतपासणीला प्रतीक्षागृहात पुन्हा बाबांच्याच नावाने पुकारा झाला. मी काउंटरकडे निघाले होते, तोवर आई उठून आत गेलीसुद्धा. बाहेर आल्यावर मी पीएचएन देऊन ते नाव परत दुरुस्त करून घेतलं आणि दुरुस्तीची छापील प्रत मागून घेतली.