१:८७ च्या बाजारपेठेतील पाट्या

मागच्या खोलीत प्लायवूडवर उभारलेल्या माझ्या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातील मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर रूळ, स्थानक आणि मालधक्का बसवून झाल्यावर बाजारपेठेतील दुकानांना नावे देण्याचे काम तेवढे उरले होते, आणि रुळांच्या जोडणीपेक्षा अधिक संध्याकाळी त्यातच गेल्या.

मॉडेल रेल्वेत नावांवरून कोटी करण्याच्या थट्टेला थोर परंपरा आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन यांनी घरी उभारलेल्या मॉडेल रेल्वेचे नाव दिसायला दोन गावांचे, ‘गोर’ आणि ‘डॅफेटिड’ यांचे. उच्चारायचे मात्र ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत ती रेल्वे आगीत नष्ट झाली. स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच, ही कोटी देवनागरीत साधत नाही, म्हणून मी म्हणींकडे वळलो.

आधी ‘अंधार इलेक्ट्रिकल्स’, ‘उपाशी खानावळ’ अशी नावे सुचली होती, पण ती दोन दिवसांत शिळी झाली. असली पाटी कोणता दुकानदार स्वतःच्या दारावर लावील? आता दुमजली इमारतीच्या बाहेरील जिन्यापाशी केवळ ‘अ‍ॅड. शहाणे’ एवढेच लिहिले आहे, आणि ती पायरी चढावी की नाही, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. ‘साजरे लॉज’ मी फळीच्या पुढच्या कडेला, पडद्यावर रंगवलेल्या डोंगरांपासून शक्य तितके दूर ठेवले. मंगल कार्यालयातून निघालेल्या वरातीच्या मागे ‘घोडे ट्रान्सपोर्ट’चा टेम्पो उभा केला.

त्या पाटीने मात्र फार छळले. १:८७ या प्रमाणात एक फूट उंचीचे अक्षर जेमतेम साडेतीन मिलिमीटरचे होते, आणि प्रिंटरने ‘ट्रान्सपोर्ट’मधील जोडाक्षरांचे तिन्ही वेळा नुसते ठिपके केले. अखेर ‘घोडे मालवाहतूक’ असे लिहून एकट्या ‘तू’च्या ऊकारासाठी पाटी अर्धा मिलिमीटर उंच कापली. (मराठीचा असा व्यावहारिक पुरस्कार क्वचितच कोणी केला असेल.)

‘घडण क्लासेस’चे काम अजून बाकी आहे. त्याच्या गच्चीवर टाकीऐवजी एक घडा पालथा घालायचा असून, त्यासाठी सध्या मिरीच्या दाण्याला काठ कोरून पाहतो आहे. आतापर्यंत चार दाणे फुटले.