तिरकं, ठळक अक्षर आणि आमचं दुकान

वडील पेंटर. नाशिकच्या द्वारका सर्कलच्या आसपास ट्रकच्या हौद्यांवर नावं रंगवायचे आणि तिरकं अक्षर काढायचं असलं की आधी खडूने हलक्या तिरक्या रेघा ओढून घ्यायचे, मग प्रत्येक काना त्या रेघेवर. मी धंद्यात आलो तेव्हा रेडियमचं, म्हणजे चिकटवायच्या चमकत्या शीटचं काम सुरू झालेलं, मग ती शीट अक्षराच्या आकारात कापणारं मशीन, कटिंग प्लॉटर घेतला, पुढे फ्लेक्स, पण गाडीवरचं नाव हे आमचं मुख्य काम राहिलं ते आजतागायत.

गाडीला बोल्ड इटॅलिक, म्हणजे ठळक तिरकं अक्षर आणि तेसुद्धा टोकांना काही फराटे नसलेलं साधं सॅन्स सेरिफच शोभतं, हे माझं ठाम मत आहे. हायवेवर नाव वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात जाड अक्षर दिसतं आणि तिरकेपणामुळे गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी वाटते. पिंपळगाव, दिंडोरीकडचे द्राक्षवाले, कुरिअरवाले, अंबडचे ट्रान्सपोर्टवाले हेच मागतात.

आता यात खरी मेहनत कुठे आहे सांगतो. बरेच जण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ फॉन्ट घेतात आणि स्क्यू करून, म्हणजे नुसता एका बाजूला ओढून तिरका करून मोकळे होतात. त्याने गोलाई बिघडते, इंग्रजी ओ किंवा आपला व बघा, एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला बारीक होतो. हेल्वेटिका या इंग्रजी फॉन्टचा तिरकेपणा साधारण १२ अंशांचा, पण मराठीत शिरोरेषा आडवीच राहते, वरची मात्रा पुढे सरकते, खालचा उकार मागे राहतो, म्हणून आम्ही ८-१० अंशांवर थांबतो आणि गोलाई हाताने दुरुस्त करतो. बोल्डमध्ये ळ, क्ष, ष्ट यांच्या आतली जागा बुजते, ती थोडी उघडून घ्यावी लागते नाहीतर लांबून नुसता ठिपका दिसतो. टोकदार कोपरे पण किंचित गोल करतो कारण प्रेशरने गाडी धुतली की रेडियम तिथूनच सुटायला लागतं.

अजून एक, ड्रायव्हर साइडला अक्षर गाडीच्या पुढे झुकतं पण क्लीनर साइडला तेच मागे झुकलेलं दिसतं!! काही जण म्हणतात दादा तिकडे उलटं झुकवा, मी नाही करत, मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, उलट्या झुकलेल्या अक्षराला डोळा अडखळतो. त्या बाजूला तिरकेपणा कमी ठेवतो, झालं.

दवाखान्याचा बोर्ड, रेटकार्ड, लग्नपत्रिका यांना मात्र हे अक्षर मी देत नाही, कितीही आग्रह केला तरी. २०१५ च्या सिंहस्थात दिशादर्शक फलक केले तेही सरळ बोल्डमध्येच, कारण बाहेरगावचे म्हातारे भाविक गर्दीत मान वर करून वाचणार, त्यांना घाट कुठे ते कळलं पाहिजे. आता पुढच्या सिंहस्थाचं काम आलं तरी तसंच करणार.

गाडीचं काम असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो आणि हौद्याचं माप पाठवा, आणि नावाचं शुद्धलेखन घरात एकदा दाखवून घ्या, कटिंग झाल्यावर वेलांटी बदलता येत नाही.