हिस गेली! आता ४.४ मिमी जॅक

गेली एकदाची माझ्या आयईएममधली (कानात घालायच्या इअरफोनमधली) ती सूंऽऽ, म्हणजे हिस. मागच्या अपडेटवर ‘डॅक विकून टाक’ म्हणणाऱ्यांचे आभार. (डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा सिग्नल करून इअरफोन चालवणारं यंत्र.) विकला नाही. चार रेझिस्टरांत काम झालं.

नव्या मंडळींसाठी आधी गणित. आयईएमच्या बॉक्सवरचे ११२ डीबी (डेसिबल) हे दर मिलिवॉटचे आहेत. १६ ओहमच्या या आयईएमला तोच आकडा दर व्होल्ट जवळपास १३० डीबी होतो. म्हणजे ८० डीबीवर ऐकायला लागतात जेमतेम ३.२ मिलिव्होल्ट, आणि आपला डॅक साध्या, सामाईक ग्राउंडच्या (सिंगल-एंडेड) जॅकवरच २ व्होल्ट ओततो. जाहिरातीत मिरवतात ती ताकद आयईएमवाल्याने काय चाटायचीय?

बरं, त्रास मोठ्या आवाजाचा नव्हताच. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हिस तेवढीच, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढच्या आउटपुट स्टेजमधून येत होती. स्पेकशीटवर ८ मायक्रोव्होल्ट नॉइज लिहिलाय. या आयईएमवर तो होतो २८ डीबी. घोडबंदर रोडच्या ट्रकांत दिवसा कोण ऐकतंय? पण रात्री पंखा बंद करून ख्याल लावला की तिसराच तानपुरा छेडल्यासारखं वाटायचं. (हिस तपासताना गाणं पॉज करू नका. काही डॅक सिग्नल नसला की म्यूट होतात. शांततेची फाइल वाजवा.)

७५ ओहमचा तयार अडॅप्टर कोणीतरी सुचवलाच होता. लावला. हिस गायब, पण आयईएमचा स्वभावही गायब. आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) वारंवारतेनुसार ८ ते ४० ओहम असा हिंदकळतो. त्यावर ७५ म्हणजे रिस्पॉन्समध्ये (कुठला सूर किती मोठा ऐकू येतो त्यात) ११ डीबीची उलथापालथ. मल्टी-बीएला (अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरच्या आयईएमला) असले अडॅप्टर लावूच नयेत, हे माझं ठाम मत.

म्हणून एल-पॅड, म्हणजे दोन रेझिस्टरांनी सिग्नल कमी करणारी जोडणी. दर चॅनलला सिरीजमध्ये १५ ओहम, आयईएमला समांतर १ ओहम. आवाज साधारण २४ डीबी खाली, हिस ४ डीबीच्या आसपास, आणि आयईएमला समोर ०.९४ ओहमच दिसतो. ११ डीबीचा गोंधळ पाऊण डीबीवर आला. आयफाय कंपनीचा आयईमॅच हा तयार अडॅप्टर याच तत्त्वावर चालतो आणि चांगला आहे, पण मग सोल्डरिंगची मजा कुठली?

आणि इथे गाडी अडली. डबीत बसवल्यावर हिस नाही, टोन जागेवर, पण स्टेज (आवाजाचा डावी-उजवीकडचा पसारा) पार आकसलेला. डाव्या कानातला तबला उजवीकडेही. रेझिस्टर बदलले, जॅक बदलला, फरक शून्य. शेवटी डावा चॅनल एकटा वाजवून उजवा मोजला तर सेपरेशन (दोन चॅनलमधली फारकत) जेमतेम २० डीबी!

दोन्ही चॅनलच्या १ ओहमवाल्या रेझिस्टरांचे पाय एकाच वायरने ग्राउंडला जात होते आणि आयईएमचं ग्राउंड त्या वायरच्या पलीकडच्या टोकाला. वायर आणि जोड मिळून ०.१ ओहम. एरवी कोण विचारतं ०.१ला? पण १ ओहमच्या शेजारी तो दहावा हिस्सा, आणि एका चॅनलचा करंट तेवढा दुसऱ्यात सांडतो. दोन्ही पाय थेट आयईएमच्या सॉकेटच्या ग्राउंड टॅबवर डकवले आणि स्टेज उघडला. त्या रात्री झोपायला पहाट झाली.

१ ओहम साध्या मल्टिमीटरवर मोजू नका. प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ दाखवतो. १०० मिलिअँपिअर सोडून रेझिस्टरच्या पायांवरच व्होल्टेज मोजा: १०० मिलिव्होल्ट म्हणजे १ ओहम. पाकिटातून जुळणाऱ्या जोड्या निवडा. एक टक्केवाले मेटल फिल्म लॅमिंग्टन रोडवरूनच आणा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचा कंटाळा येतो, पण ऑनलाइन आलेल्या पाकिटात भलत्याच पट्ट्या निघाल्या होत्या.

आवाज १२ किंवा २४ डीबी खाली आणणारा स्विच टाकणार होतो, तो बेत रद्द. स्विचच्या काँटॅक्टचा रोधही त्या १ ओहमच्याच वाटेत येणार.

उलट हे लिहितानाच सुचतंय की ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकवर दोन चॅनलना सामाईक ग्राउंडच नसतं, म्हणजे भांडणाचं मूळच नाही. प्लस आणि मायनस दोन्हींत ७.५-७.५ ओहम, मध्ये १ ओहम, ग्राउंडला काहीच जोडायचं नाही. नॉइज तिथे जास्त असला तरी पॅड तो खाईल. मग डबी तरी कशाला? चिमुकले एसएमडी रेझिस्टर सरळ प्लगच्या पोटातच बसवू.

४.४चं ढिलं न पडणारं फीमेल सॉकेट कोणाला मिळालंय का? दुकान सांगा, शनिवारी निघतो.