कार्डाची मागची बाजू

टोकियोत नोकरीला आलेल्या शिक्षकाला नारिता किंवा हानेदा विमानतळावरच रहिवासी कार्ड मिळतं. पुढच्या बाजूला फोटो, नाव, व्हिसाचा प्रकार. मागे पत्त्यासाठी कोऱ्या ओळी. घर मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन तिथे पत्ता छापून आणायचा. तोवर आपण टोकियोचे पाहुणेच.

गंमत पुढे सुरू होते. घर घ्यायला फोन नंबर लागतो. फोनसाठी पत्ता छापलेलं कार्ड आणि बँकेचं खातं लागतं. खात्यासाठी पुन्हा फोन नंबर! या चक्रातून सुटायचं तर पहिला महिना शाळेने दिलेल्या जागेत काढावा, त्याच पत्त्यावर नोंदणी करावी आणि बँक खातं न मागणारं, परदेशी लोकांसाठीचं थोडं महाग सिम घ्यावं. पक्क्या घरात गेल्यावर कार्डामागे दुसरी ओळ चढते, त्यात बिघडत काही नाही.

आपलं नाव मात्र छळतं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, आणि जपानी फॉर्ममधले चौकोन नाव पुरं व्हायच्या आधीच संपतात. शिवाय नाव काताकाना या जपानी लिपीत लिहावं लागतं. बँकेत एक उच्चार आणि शाळेच्या पगारपत्रकात दुसरा, एवढ्यावरून पगार खात्यात न जाता परत फिरू शकतो. पहिल्याच दिवशी एक काताकाना रूप ठरवावं, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा आणि सगळीकडे तेच उतरवावं.

घराचा हिशेब आधी कागदावर मांडलेला बरा. महिना 1,00,000 येन भाडं धरलं, तर पहिल्या महिन्याचं भाडं, तेवढंच डिपॉझिट, तेवढंच ‘रेइकिन’ (मालकाला दिलेली भेट; परत मिळत नाही), करासकट 1,10,000 पर्यंत दलाली, हमी कंपनीची अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतकी फी, वर आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचे पैसे. पाच लाखांच्या आसपास येन आधीच हातात हवेत. म्हणूनच ओजिमा, कोमात्सुगावा भागातल्या यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींत इतकी भारतीय कुटुंबं दिसतात: तिथे डिपॉझिट दोन महिन्यांचं, पण रेइकिन, दलाली, हमीदार काही नाही. पगाराची अट मात्र कडक.

घर मिळतं ते अगदी मोकळं. दिवे नाहीत, पडदे नाहीत, बहुधा शेगडीही नाही. वीज-पाणी फोनवर सुरू होतं. गॅस सुरू करायला माणूस येतो आणि तेव्हा आपण घरात असावं लागतं. शाळेतून रजा मिळणार नसेल तर शनिवारची वेळ आठवडाभर आधी मागून ठेवावी. शेगडी घेताना ‘13ए’ बघावं, तो टोकियोचा पाइप गॅस. सिलिंडरच्या गॅसची शेगडी त्यावर चालत नाही. बॅगेतून जपून आणलेला मिक्सर इथल्या 100 व्होल्टवर नुसता घुरघुरतो, खोबऱ्याची चटणी काही वाटत नाही. 750 वॅटच्या मिक्सरला व्होल्टेज वाढवणारा, हजार-दीड हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो मिक्सरहून जड असतो. इथलाच मिक्सर विकत घेणं शहाणपणाचं.

आपल्याकडे रद्दीवाला पैसे देऊन जातो; इथे टाकायचेच पैसे. 30 सेंटिमीटरहून मोठी वस्तू फेकायची तर आधी नोंदणी, मग कोंबिनीतून (कोपऱ्यावरच्या दुकानातून) स्टिकर, मग ठरलेल्या दिवशी दाराबाहेर. रोजचा कचरा सकाळी आठच्या आत आणि कावळ्यांपासून वाचवणाऱ्या जाळीखाली. बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, ती विसळून ठेवायची. चुकलं की पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात आणि दिवसभर सगळी गल्ली ती बघते. वर्गात ‘कुणाची ही वही?’ विचारणाऱ्याला हा अनुभव उलट्या बाजूने मिळतो.

टोकियोच्या निशि-कासाई भागात राहणाऱ्यांनी तोझाई मेट्रो लाइनची जलद गाडी ओळखून ठेवावी. संध्याकाळी थकून चढलं की तोयोचो स्टेशननंतर ती थेट उरायासूला, म्हणजे टोकियोच्या हद्दीबाहेर चिबात, थांबते. निशि-कासाई खिडकीतून मागे जातं. सकाळी गाडी उशिरा आली तर स्टेशनातून विलंबाचा दाखला घ्यावा. शाळेत तो चालतो. ‘गाडी लेट होती’ हे तोंडी सांगणं चालत नाही. निशि-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मराठी माणसाला इथली शिस्त जमते, याला तेवढा पुरावा पुरे.

राहता राहिला रहिवासी कर. तो आदल्या वर्षाच्या कमाईवर, साधारण 10 टक्के, आणि 1 जानेवारीला कार्डामागे ज्या वॉर्डाचा पत्ता असेल त्या वॉर्डाला द्यायचा. एप्रिलमध्ये आलेल्याला पहिलं वर्ष तो लागत नाही, म्हणून तो पगार वाढल्यासारखा खर्च करतो. पुढच्या जूनपासून कपात सुरू झाली की चेहरा उतरतो. देश सोडून जाणाऱ्यालाही 1 जानेवारी उलटली असेल तर कर भरूनच जावं लागतं, त्यामुळे जाणते लोक डिसेंबरअखेरचं तिकीट काढतात. शिक्षकाला तीही सोय नाही, शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं.