‘कन्फर्म’ या एका शब्दाचा सराव : जानेवारी ते जून

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवरच्या सरावाबद्दल डिसेंबरच्या नोंदीत मी मोठ्या समाधानाने लिहिले होते की, उड्डाणाच्या क्षणी इंजिनाला आग लागल्याची घंटा वाजल्यापासून फायर स्विच, म्हणजे त्या इंजिनाचे इंधन तोडणारा खटका, ओढण्यापर्यंतचा माझा वेळ १४ सेकंदांवर आला आहे. आज तोच वेळ ३१ सेकंद आहे, आणि सहा महिन्यांची प्रगती म्हणून मी हाच आकडा नोंदवत आहे.

यंत्रणेत या काळात फारसा बदल नाही. नागपुरात प्रतापनगरच्या घरात मागच्या खोलीत बोईंग ७३७-८०० च्या मांडणीचे दोन आसनांचे टेबल आहे. योक (विमानाचे सुकाणू) आणि दिशा सांभाळणारे पायातले पेडल विकत घेतलेले, थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा) व स्टार्ट लिव्हर (इंजिन चालू-बंद करणारा) एका मित्राने थ्री-डी प्रिंटरवर काढून दिलेले, आणि दोन्ही फायर स्विच बर्डीतून आणलेल्या सुट्या भागांतून सागवानी पट्टीवर बसवलेले. आगीचा सराव नेहमी सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टी ३२ वरूनच होतो, कारण जागा आणि वजन तेच ठेवले की चुकांमधला बदल हा आपलाच बदल असतो. मे महिन्यापासून तापमान मात्र बाहेर असेल तसे, म्हणजे ४४ अंश ठेवले. ३,२०० मीटरची धावपट्टी कागदावर प्रशस्त वाटते. पण तापलेली हवा विरळ असल्यामुळे पंख आणि इंजिन या दोघांचीही ताकद घटते, आणि एका इंजिनावर विमान इतके सावकाश चढते की चढाईचा वेग दाखवणारा काटा अडकला की काय, अशी शंका येते.

जानेवारीत मी आधीच्या २४ सरावांचे चित्रीकरण एकामागून एक पाहिले. त्यांपैकी तीन वेळा माझा हात चांगल्या इंजिनाच्या लिव्हरकडे गेला होता. दोनदा मी तो वेळीच मागे घेतला आणि एकदा चालते इंजिन बंद केले. त्या शेवटच्या सरावाची माझी तेव्हाची नोंद होती, ‘१३ सेकंद, पेडल चुकले.’ पेडल चुकले नव्हते. चुकीचे इंजिन बंद केल्यावर विमान दुसऱ्या बाजूला वळू लागले आणि मी ते पायाच्या माथी मारले. मला वेळ मोजण्याची सवय लागली होती. कोणते इंजिन, हा प्रश्न मी कुणालाही विचारत नव्हतो, स्वतःलाही नाही.

या टप्प्यावर इंग्लंडमधील केगवर्थच्या अपघाताचा अहवाल पुन्हा काढला. ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंडचे बोईंग ७३७-४०० लंडनहून बेलफास्टला जात असताना डाव्या इंजिनातील पंख्याचे पाते तुटले. कंपने सुरू झाली, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. कोणते इंजिन, या कॅप्टनच्या प्रश्नावर सहवैमानिकाच्या तोंडून ‘डावे’ हा शब्द अर्धवट निघाला आणि लगेच ‘उजवे’ असे उत्तर आले. उजवे इंजिन मागे घेतले, तशी कंपने आणि धूर कमी झाल्यासारखे वाटले; त्यामुळे निदान बरोबर आहे अशी दोघांचीही खात्री पटली आणि उजवे इंजिन बंद करण्यात आले. मागे बसलेल्या प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी डाव्या बाजूच्या ज्वाला पाहिल्या होत्या, पण कॅप्टनची उद्घोषणा उजव्या इंजिनाची असूनही ती विसंगती पुढे कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. धावपट्टी जवळ आली असताना डाव्या इंजिनानेही साथ सोडली. विमानातील १२६ जणांपैकी ४७ जण दगावले. हा अहवाल मी पूर्वीही वाचला होता, पण ‘असे माझ्या हातून होणार नाही’ या समजुतीने. माझ्याच चित्रीकरणातील ते १३ सेकंद पाहिल्यानंतर ती समजूत उरली नाही.

७३७ च्या आगीच्या प्रसंगातील पाठ असलेल्या कृती थोड्याच आहेत : ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) काढणे, बाधित इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर पूर्ण मागे घेणे, त्याचा स्टार्ट लिव्हर ‘कटऑफ’वर आणणे आणि त्याचा फायर स्विच ओढणे. इशारा तरीही कायम राहिला तर स्विच फिरवून अग्निशामक बाटली सोडायची, आणि ३० सेकंदांनी दुसरी. यांपैकी थ्रस्ट लिव्हर, स्टार्ट लिव्हर आणि फायर स्विच या तिघांपुढे चेकलिस्टमध्ये ‘कन्फर्म’ असा शब्द छापलेला असतो. एकट्याने सराव करताना मी तो शब्द तोंडाने उच्चारून पुढे जात असे. एका माणसाला कन्फर्म करता येत नाही, हे समजायला मला जानेवारी उजाडावा लागला.

म्हणून उजव्या आसनावर शेजारचे काका बसू लागले. ते हवाई दलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षे वायुसेनानगरात गेली. त्यांनी विमान कधी चालवलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच त्यांचा सर्वांत मोठा गुण ठरला, कारण त्यांना पुढे काय होणार ते पाठ नसते. जे दिसते तेवढेच ते सांगतात. पहिल्याच रात्री मी घंटा वाजताक्षणी ‘नंबर एक, कन्फर्म?’ (नंबर एक म्हणजे डावे इंजिन, दोन म्हणजे उजवे) असे म्हणून लिव्हर ओढला, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले.

“मी काही बोललो का रे अजून? तू लाइट पाहून सांगून राहिला का पाठ आहे म्हणून?”

“काका, घंटा वाजली की तेवढाच वेळ असतो.”

“मग मला कशाला बसवलं इथं? बोट ठेव आधी. मी पाहतो, मग ओढ.”

त्यानंतर आमचा क्रम ठरला. आग लागली तरी जमिनीपासून ४०० फूट उंची मिळेपर्यंत विमान सरळ आणि योग्य वेगात ठेवणे, चाके आत घेणे, यापलीकडे काहीही करायचे नाही. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर असल्याने उंचीमापकावर १,४३० दिसेपर्यंत माझा उजवा हात लिव्हरवर काही करीत नाही. मग मी बोट ठेवतो आणि काय दिसते ते सांगतो, काका दिवा आणि तापमानाचे आकडे पाहून ‘कन्फर्म’ म्हणतात, आणि त्यानंतरच हात हलतो. अशी तीन वेळा विचारणा होते. ३१ सेकंद तिथे जातात.

काही जाणकार वाचक म्हणतील की, प्रत्येक संकटात एवढी सवड नसते. ते खरे आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांची धडक बसून एअरबस ए-३२० विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली, तेव्हा कॅप्टन सलेनबर्गर यांच्याकडे नदीवर उतरण्यापर्यंत साडेतीन मिनिटेच होती, आणि चेकलिस्टमध्ये ती पायरी येण्याची वाट न पाहता त्यांनी एपीयू, म्हणजे विमानाला वीज देणारे छोटे पूरक इंजिन, सुरू केले. पण त्याच प्रसंगात विमान चालवत असलेल्या सहवैमानिक स्काइल्स यांच्याकडून नियंत्रण घेताना त्यांनी ते शब्दांत सांगितले आणि स्काइल्स यांनीही शब्दांतच सोडले. सर्वांत घाईच्या घटकेलाही ती दोन वाक्ये त्यांनी वाचवली नाहीत.

मे महिन्यात एक साधीच अडचण आली. कूलरच्या आवाजात काकांचे ‘थांब’ मला दोनदा ऐकू आले नाही. आता दोघेही हेडसेट लावतो.

काकांना स्वतःला देखभालीच्या बाजूचे अपघात अधिक अस्वस्थ करतात. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची कॉकपिटमधील काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, कॅप्टन वाचले. आदल्या एका रात्रपाळीत ती काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी व्यासाचे बसवले गेले होते. काम पाळीप्रमुखाने एकट्याने केले, नवे बोल्ट जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले, आणि त्या कामासाठी दुसऱ्या माणसाची तपासणी बंधनकारक नव्हती. काकांनी हे वाचून बराच वेळ काहीच म्हटले नाही. मग काम संपल्यावर हत्यारे मोजून जागेवर लावल्याशिवाय विमान सुपूर्द न करण्याची त्यांच्या काळची शिस्त सविस्तर सांगितली. त्या रात्री आम्ही उड्डाण केले नाही. तेव्हापासून प्रत्येक सरावाआधी ते एका कागदावर विमानातील एक प्रलंबित बिघाड लिहून आणतात, आणि तो उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यावर आडवा येईल हे मी आसनावर बसण्यापूर्वी सांगायचे असते. हा भाग अजून कच्चा आहे. मी आतापर्यंत जेमतेम निम्म्या वेळा पूर्ण उत्तर दिले आहे.

जूनमध्ये सहकारी निश्चल होण्याचा सराव घेतला. याची आठवण नागपूरला वेगळी सांगावी लागत नाही. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या ७३७-८०० च्या कॅप्टनना आकाशातच हृदयविकाराचा झटका आला, आणि सहवैमानिकाने ते विमान आपल्या सोनेगावला सुखरूप उतरवले. तीन दिवसांनी इथल्याच रुग्णालयात कॅप्टनचे निधन झाले. दोनदा हाक देऊनही उत्तर आले नाही, तर सहकारी अक्षम झाला असे धरून नियंत्रण घ्यावे, असा संकेत आहे. काका न सांगता गप्प बसले, आणि मी त्यांना पाच वेळा हाक मारली. ओळखीच्या माणसाकडून उत्तर मिळेल अशी आशा सोडायला किती वेळ लागतो, ते चित्रीकरणात स्पष्ट दिसते. चौथ्या प्रयत्नात मी दोन हाकांवर थांबलो.

कोझिकोडचा सराव मी बरीच वर्षे टाळत होतो. ७ ऑगस्ट २०२० च्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या त्या अपघातात २१ जण गेले; विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांचे नागपूरशी घरचे नाते होते, आणि त्या दिवसांत शहराला झालेले दुःख मी पाहिले आहे. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी पावसात, पाठीवर वारा घेऊन, विमान सुमारे २,७०० मीटर धावपट्टीच्या मध्याशी टेकले. तपास अहवाल सांगतो की सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ची, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची, हाक दिली होती, ती पाळली गेली नाही आणि त्यांनी नियंत्रणही हाती घेतले नाही. खोलीत बसून त्या दोघांचा न्याय करण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त एवढे केले की, उतरताना काकांनी ‘गो अराउंड’ म्हटले की कारण न विचारता वर जायचे, आणि मी गेलो नाही तर त्यांनी योक घ्यायचा, असे ठरवले. त्यांनी आजवर सहा वेळा हाक दिली. दोनदा त्यांची शंका चुकीची होती. सहाही वेळा आम्ही वर गेलो.

शेवटचा सराव २८ जूनच्या रात्रीचा. घंटा वाजली, १,४३० फूट झाले, मी नंबर एकवर बोट ठेवले आणि विचारले. काका म्हणाले, “नाही. दोन आहे.” ते मला मुद्दाम चुकवत आहेत की त्यांना खरेच तसे दिसत आहे, हे मला कळत नव्हते, आणि विचारूनही ते सांगणार नव्हते. मी बोट उचलले. दोघांनी दिवे आणि आकडे पहिल्यापासून मोठ्याने वाचले : एकचा दिवा लाल, एकचे तापमान वर, दोनचे सर्व स्थिर. “एक. कन्फर्म,” काका म्हणाले. फायर स्विच ओढला तेव्हा ४६ सेकंद झाले होते आणि विमान २,१०० फुटांवर, सरळ चढत होते.